उजव्या मडगार्डखालचा नंबर

अहवाल पाठवून झाला, काकांनी तो दोनदा वाचला, माझे पैसेही त्याच संध्याकाळी आले. कामापुरतं प्रकरण मिटलं. पण ती गाडी डोक्यातून जात नाही. अहवालातलं प्रत्येक वाक्य मला पुराव्यानिशी दाखवता येईल, आणि तरीही शेवटच्या पानावर ‘गाडी अस्सल: होय / नाही’ अशी जी ओळ असते, तिथे मी कशावरच खूण केली नाही. त्या कोऱ्या ओळीपायीच हे लिहायला बसलोय.

मी मिशिगनमध्ये असतो. जुनी स्पोर्ट्‌स कार विकत घेण्याआधी ती गिऱ्हाइकासाठी तपासून देणं हा माझा धंदा. लोकांना वाटतं, मी इंजिनचा आवाज ऐकतो, एक चक्कर मारतो आणि घ्या किंवा नका घेऊ म्हणून सांगतो. ते सगळं होतंच, पण माझा निम्मा वेळ गाडीचा ओळख-नंबर (आपण ज्याला चेसिस नंबर म्हणतो तो) वाचण्यात आणि तो नंबर ज्या पत्र्यावर ठोकलाय तो पत्रा वाचण्यात जातो.

१९८१ च्या मॉडेलपासून अमेरिकेत सगळ्या गाड्यांना १७ अक्षरांचा नंबर आला. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात, कारण एक आणि शून्याशी त्यांची गल्लत होते. नववं अक्षर बाकीच्या सोळांवरून गणिताने काढलेलं असतं, म्हणजे मधला एखादा आकडा कोणी मनाने बदलला तर हिशेब जुळत नाही. त्याआधीच्या गाड्यांना हे संरक्षण नाही. ज्या त्या कंपनीची जी ती पद्धत. डॅटसन २४०झेडवर एचएलएस३० असतं: एच म्हणजे २.४ लिटरचं इंजिन, एल म्हणजे डावीकडचं स्टिअरिंग, एस३० हे गाडीचं कारखान्यातलं नाव. १९७३ च्या पोर्शे ९११ चा नंबर ९११३ ने सुरू होतो. पाचवा आकडा १ असेल तर ती ९११टी, ६ असेल तर कॅरेरा आरएस. त्या एका आकड्याने किमतीत जो फरक पडतो, त्यात पुण्यात चांगला फ्लॅट येतो. कॉर्व्हेटचं उलटं. १९६७ च्या कॉर्व्हेटच्या नंबरात छत पक्कं की कापडी, साल कोणतं, कारखाना सेंट लुईसचा, हे सगळं आहे, पण इंजिन कोणतं याचा पत्ता नाही. साधं ३२७ क्युबिक इंची इंजिन असो की सगळ्यात जबर ४२७, नंबरात काडीचा फरक नाही. इंजिनचं अक्षर कॉर्व्हेटच्या नंबरात आलं ते १९७२ ला. त्यामुळे कॉर्व्हेटमध्ये लबाडी होते ती इंजिनच्या ब्लॉकवर, तिथला जुना शिक्का घासून नवा ठोकून.

मस्टँगमध्ये मात्र सगळा खेळ नंबरातल्या एका अक्षराचा आहे. १९६५ ची मस्टँग घ्या. पहिला आकडा ५, म्हणजे ६५ चं मॉडेल. मस्टँग बाजारात आली १७ एप्रिल १९६४ ला, तरी त्या पहिल्या गाड्यांवरही ५ च आहे. (कोणी ‘साडेचौसष्टची फास्टबॅक’ विकायला काढली तर समजावं की त्याला गाडीची माहिती नाही. फास्टबॅक, म्हणजे छत थेट मागपर्यंत उतरत गेलेली गाडी, आली त्या वर्षीच्या शरदात.) मग कारखान्याचं अक्षर: एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे, टी म्हणजे मेटचन. मग बॉडी: ०७ कूपे, ०८ उघडी, ०९ फास्टबॅक. मग इंजिन. सी म्हणजे दोन-नळी कार्ब्युरेटरचं २८९, २०० अश्वशक्ती. ए म्हणजे चार-नळीचं, २२५. आणि के म्हणजे २७१ अश्वशक्तीचं हाय परफॉर्मन्स २८९, ज्याला इकडे लाडाने हायपो म्हणतात. शेवटी सहा आकड्यांचा अनुक्रमांक, १००००१ पासून पुढे. ६५ सालच्या साडेसहा लाखांहून जास्त मस्टँगांमध्ये के-कोडच्या गाड्या सात हजारांच्या आसपास. त्यामुळे के असेल तर किंमत कुठच्या कुठे जाते.

आणि म्हणूनच काकांचा फोन आला.

काका मूळचे चिंचवडचे. टेल्कोत उमेदवारी केली, ऐंशीच्या दशकात इकडे आले, आता निवृत्त आहेत. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत आमची ओळख झाली. त्यांना गाडी कळते, आणि त्यांचा हात अजूनही माझ्यापेक्षा सफाईदार चालतो. के-कोड फास्टबॅक घ्यायची हे त्यांनी फार पूर्वीच ठरवलं होतं. मुलांची शिक्षणं, घराचा हप्ता, आईचं आजारपण, असं करत ते राहून गेलं होतं. ओहायोत टोलीडोच्या बाहेर एक गाडी निघाली होती. हिरवी, डिअरबॉर्नची, के-कोड. नंबर त्यांनी फोनवरच्या ॲपमध्ये टाकला होता आणि स्क्रीनचा फोटो मला पाठवला होता.

“बघ रे, सगळं जुळतंय. साल, कारखाना, बॉडी, इंजिन. तू नुसता जाऊन शिक्कामोर्तब कर.”

“काका, ॲपने नंबर वाचलाय. गाडी कुठे बघितलीय त्याने?”

“म्हणून तर तुला पाठवतोय ना!”

या ॲपांबद्दल मला जे वाटतं ते इथे सांगून टाकतो. ती चुकीची माहिती देत नाहीत. तुम्ही जे टाइप कराल त्याचा अर्थ सांगतात, बस. पण समोर हिरवी खूण आली की माणसाला वाटतं गाडी तपासली गेली, आणि तो अर्धा व्यवहार मनात करून मोकळा होतो. माझ्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइकं अशी मनाने गाडी घेऊनच आलेली असतात.

६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांचं एक बरं आहे. कारखान्याच्या मूळ नोंदींवरून तयार होणारा मार्टी रिपोर्ट मागवता येतो. गाडी कधी बनली, कोणत्या रंगात, काय काय लावून, कोणत्या डीलरकडे गेली, सगळं त्यात येतं. ६५ आणि ६६ च्या गाड्यांसाठी तो मिळत नाही. तिथे उरतो फक्त पत्रा. दारावरची माहितीची पट्टी असते, पण तिला मी पुरावा मानत नाही. त्या पट्ट्या आज नव्या मिळतात. तुम्ही कळवाल ते नंबर आणि कोड छापून घरपोच येतात. गाडी तुमची आहे का, असली तर पट्टी का हवी, कोणी विचारत नाही. गंजलेली पट्टी बदलून हवी असणारी प्रामाणिक माणसं आहेत हे मान्य, पण या सोयीने या धंद्यात जेवढी घाण झालीय तेवढी दुसऱ्या कशाने झाली नसेल.

गाडीचा मालक सत्तरीचा, शांत माणूस. १९९२ पासून गाडी त्याच्याकडे. टायटल, म्हणजे आपलं आरसी बुक, त्याच्या नावावर, नंबर तोच. आधीच्या मालकाने दिलेली कागदांची जाडजूड फाइलही त्याने जपून ठेवली होती. गाडी जॅक-स्टँडवर चढवून, चारही चाकं काढून, दिवे लावून तयार. विकणारा इतक्या मोकळेपणाने गाडी उघडी करून ठेवतो तेव्हा माझा त्याच्यावर विश्वास बसतो, आणि हा विश्वास पुढेही डळमळला नाही.

आधी दिसणारा नंबर. ६५-६६ च्या मस्टँगमध्ये बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूला, मडगार्डच्या आतल्या पत्र्याच्या वरच्या काठावर तो ठोकलेला असतो. या आतल्या पत्र्याला एप्रन म्हणतात. मडगार्डला तिथे मुद्दाम खाच दिलेली असते, त्या खाचेतून नंबर वाचता येतो. मी त्याचा फोटो घेतो, पण भरवसा ठेवतो तो पेन्सिलवर.

माझा मामा पुण्यात आरटीओ एजंट होता. संगम पुलाजवळच्या त्या आवारात सुट्टीत मी त्याच्याबरोबर जायचो. गाडी नावावर करायची तर चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट अर्जाला लावावा लागायचा. नंबरावरची ग्रीस पुसायची, पातळ कागद चिकटपट्टीने ताणून बसवायचा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवायची. दाब पडला की कागद फाटतो, हात भरभर चालला की आकड्यांच्या कडा पुसट होतात. मामा म्हणायचा, प्रिंट घेताना घाई करणारा माणूस पुढे अर्जातही घाई करतो. आज मी ओहायोतल्या गॅरेजमध्ये तेच करतो, आणि ते मला चांगलं जमतं याचा मला अभिमान आहे. फोटोत उजेडाची दिशा बदलली की आकडा बदलल्यासारखा दिसतो. कागदावर आकड्याची खोली, त्याचा कल, दोन आकड्यांमधलं अंतर, आजूबाजूला ग्राइंडर फिरला असेल तर त्याचे ओरखडे, सगळं जसंच्या तसं उतरतं. मी तपासलेल्या गाड्यांचे असे प्रिंट कारखान्यानुसार लावून ठेवलेत. संशयाचा प्रिंट त्या शेजारी ठेवला की हाताने एकेक पंच मारून ठोकलेला नंबर लगेच वेगळा पडतो. त्याची ओळ सरळ राहत नाही आणि एखादं अक्षर कमीजास्त खोल जातं.

हा नंबर अस्सल निघाला. के सकट. पत्र्यावर ग्राइंडर नाही, भरलेलं शिसं नाही, अक्षरांची ठेवण माझ्याकडच्या डिअरबॉर्नच्या प्रिंटांसारखी. डावं मडगार्ड थोडं सैल करून त्याच्या खाली झाकलेला दुसरा शिक्काही बघितला. तोही तोच.

मग इंजिन. हायपो ओळखण्याच्या बऱ्याच खुणा आहेत. पुढचा बॅलन्सर साध्या २८९ पेक्षा जाड, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड वेगळे, हेडमधले रॉकर स्टड दाबून बसवण्याऐवजी आट्यांचे, आतल्या टॅपेट हायड्रॉलिकऐवजी सॉलिड, त्यामुळे त्यांची एक बारीक टिकटिक येते. ती ऐकून काकांसारखी माणसं खुळावतात. या इंजिनला कंपनी तेव्हा वॉरंटी द्यायची ९० दिवस किंवा ४००० मैलांची, इतकं ते तापट समजलं जायचं. ६५ साली के घेतली तर चार गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स घ्यावाच लागे, आणि मागचा ॲक्सल नऊ इंची. इथे सगळं तसंच होतं. शिवाय के-कोडमध्ये गाडीचा नंबर इंजिनच्या ब्लॉकवर आणि गिअरबॉक्सवरही ठोकलेला असतो. दोन्हीचे प्रिंट घेतले. दोन्हीवर या गाडीचाच नंबर.

इथपर्यंत आलेला दुसरा कोणी असता तर त्याने सामान आवरलं असतं. जाहिरातींत ज्याला नंबर्स मॅचिंग म्हणतात ते यापेक्षा वेगळं काही नसतं.

मला अडवलं ते फ्लोअरने. गाडीखाली सरकलो आणि दिवा फिरवला. मूळ पत्रा, कारखान्याच्या स्पॉट वेल्डचे गोल खळगे रांगेने शाबूत, कुठे ठिगळ नाही. पुढचे रेल कोरे. मग बाहेर येऊन काऊलच्या, म्हणजे पुढच्या काचेखालच्या पोकळ पत्र्याच्या, जाळीत तांब्याभर पाणी ओतलं आणि आत डॅशखाली हात घालून बघितला. थेंब नाही. जुन्या मस्टँगचा काऊल आतून सडतो आणि पाणी थेट पायाखालच्या पत्र्यावर येतं, हे या गाड्यांचं सगळ्यात प्रसिद्ध दुखणं. फाइलमधल्या कागदांवरून पहिला मालक मिशिगनचा, गाडी बारा महिने वापरातली. इकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. मिशिगनच्या मिठात वर्षानुवर्षं चाललेल्या ६५ च्या गाडीचा फ्लोअर असा राहत नाही. राहूच शकत नाही.

डॅशखाली डोकं घातलंच होतं, म्हणून ग्लोव्ह बॉक्स उतरवून आतला रंग बघितला. रंगारी गाडीचा रंग बदलतो तेव्हा बाहेरचं, दारांच्या कडा, डिकी, इंजिनची जागा सगळं रंगवतो. डॅशच्या आत, काऊलच्या बाजूच्या पोकळीत सहसा कोणी पोचत नाही. दारावरच्या पट्टीवर रंगाचा कोड आर, म्हणजे आयव्ही ग्रीन. आत मात्र पांढरा. हिरव्याचा मागमूस नाही.

मालकाला म्हटलं, उजव्या मडगार्डचे वरचे बोल्ट सैल करायचेत, चालेल का? त्याने कारण विचारलं नाही, स्वतःच पाना आणून दिला आणि दिवा धरून उभा राहिला. ६५-६६ मध्ये उजव्या एप्रनवरही एक शिक्का असतो आणि तो मडगार्डखाली पूर्ण झाकलेला असतो. तो वाचायचा तर मडगार्ड उचलावं लागतं, त्यामुळे फार थोडे लोक तिथवर जातात. ज्याला खोटेपणा करायचाय तोही बहुतेक वेळा तिथवर जात नाही.

मडगार्ड बोटभर वर आलं. रंगाचा थर रिमूव्हरने हलकेच काढला, कागद ताणला, पेन्सिल फिरवली. ५ आला. मग एफ यायला हवा होता, तिथे आर आला. मग ०९. मग सी.

सॅन होजेची फास्टबॅक. साधं दोन-नळीचं २८९. पुढचे सहा आकडे मी इथे देत नाही, पण ते या गाडीच्या आकड्यांच्या जवळपासही नव्हते.

आता डाव्या एप्रनकडे वेगळ्या नजरेने बघितलं. सीलरच्या थराखाली, शॉक टॉवरच्या (शॉक ॲब्सॉर्बर वर जिथे बसतो त्या पत्र्याच्या) सांध्यापाशी स्पॉट वेल्डचे खळगे संपत होते आणि भोक पाडून भरलेले वेल्ड सुरू होत होते. काम अतिशय नीटस. ज्याने केलं तो कसबी डेंटर होता. डिअरबॉर्नच्या गाडीचा डावा एप्रन मुळासकट काढून सॅन होजेच्या सांगाड्यात बसवला होता, आणि त्याच्याबरोबर इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल सगळं नव्या घरात आणलं होतं.

मालकाला मी दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून दाखवले. तो बराच वेळ कागदांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे मी इतकी वर्षं कोणाची गाडी चालवतोय?” त्याच्या आवाजात राग नव्हता. मला त्याला काय उत्तर द्यावं कळेना, म्हणून मी ती फाइल परत मागितली.

उत्तराचा एक तुकडा त्या फाइलमध्येच होता. १९८२ ची, एका बॉडी शॉपची हाताने लिहिलेली पावती. त्यात मजुरीच्या ओळींमध्ये एक ओळ: ६५ फास्टबॅकचा वापरलेला सांगाडा, कॅलिफोर्निया, गंज नाही. सांगाड्याचा नंबर लिहिलेला नाही. ही पावती मालकाने कित्येकदा हाताळली होती. त्याला वाटायचं, एखादा पॅनेल कॅलिफोर्नियातून मागवला असेल.

म्हणजे त्या काळी घडलं ते असं असणार: मिशिगनमधली के-कोड मिठाने खाल्ली, मालकाचा जीव तिच्यात, बाकी सगळं धडधाकट, फक्त सांगाडा गेला. कॅलिफोर्नियात न गंजलेले सांगाडे स्वस्त मिळत होते. १९८२ साली ही जेमतेम सतरा वर्षांची वापरलेली गाडी होती. के अक्षराला आजची किंमत आली नव्हती. त्याने गाडी दुरुस्त करून घेतली आणि पावती फाइलला लावली. फसवायचं असतं तर पावती कशाला जपली असती?

पण कायद्याच्या नजरेने पाहिलं तर चित्र निराळं दिसतं. गाडीचा नंबर काढणं, बदलणं हा १९८४ च्या कायद्याने संघराज्याच्या पातळीवरचा गुन्हा झाला. हे काम त्याआधीचं. राज्यांचे कायदे निराळेच. आणि अधिकारी समोर दोन नंबर बघतो तेव्हा तो पावतीतली भावना वाचत बसत नाही. कॅन्ससमध्ये २०१७ साली एका माणसाने रीतसर विकत घेतलेली १९५९ ची कॉर्व्हेट नोंदणीच्या तपासणीत जप्त झाली, कारण पूर्वी कोणीतरी डागडुजी करताना नंबरची पट्टी काढून परत लावली होती. गाडी चोरीची नव्हती हे सगळ्यांना मान्य होतं. तरी ती मोडीत निघायची वेळ आली, आणि २०२२ मध्ये राज्याने कायदा बदलला तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. तिथे एकच गाडी आणि तिचीच पट्टी होती. इथे तर दोन गाड्या आहेत.

सी-गाडी चोरीची होती का, हे शोधणंही सोपं नाही. ऑनलाइन तपासण्या १७ अक्षरं मागतात, जुना ११ अक्षरांचा नंबर तिथे चालत नाही. पोलिसांच्या यादीतही चोरीची नोंद कायमची राहत नाही. ठरावीक वर्षांनी ती गळते. चाळीस वर्षांपूर्वीच्या चोरीबद्दल आज ‘नोंद नाही’ असं उत्तर आलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, आणि तरी लोक ते उत्तर छापून गाडीच्या फाइलला लावतात.

तिथून निघायच्या आधी काकांना फोन केला. सगळं सांगितलं. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत, म्हणून मला दोनदा विचारावं लागलं, ऐकताय ना.

“ऐकतोय. मग ती खोटी आहे का?”

“खोटी म्हणवत नाही, काका. नंबर खरा, इंजिन खरं, गिअरबॉक्स खरा, कागद खरे. सांगाडा दुसऱ्या गाडीचा.”

“आम्ही टेल्कोत ट्रकची केबिन बदलायचो. ट्रक तोच राहायचा.”

“ट्रकचा नंबर चेसिसवर असतो. या गाडीला वेगळी चेसिस नाही, सांगाडा हीच तिची चेसिस. आणि ती सॅन होजेची आहे.”

काका इंजिनिअर माणूस, त्यांना हे पुढे समजावायची गरज नव्हती. थोड्या वेळाने ते म्हणाले, “त्या माणसाला वाईट वाटलं असेल रे.” गाडी हातची गेली होती आणि ते विकणाऱ्याचा विचार करत होते.

अहवालात मी दोन्ही प्रिंट लावले, वेल्डचे फोटो लावले, पावतीची प्रत लावली. लिहिलं, की आजच्या स्थितीत या व्यवहारात पैसे घालू नयेत. ओळख डिअरबॉर्नच्या के-गाडीची आहे, सांगाडा सॅन होजेच्या सी-गाडीचा आहे, आणि सांगाड्याच्या मालकीचा कागद उपलब्ध नाही. ‘होय / नाही’ कोरं.

माझ्याच धंद्यातल्या एका ओळखीच्या माणसाला, नावगाव न सांगता, ही हकिकत सांगितली. तो म्हणाला, उजवं मडगार्ड उचलायचे पैसे तुला कोणी दिले होते का? नंबर दिसतो तिथला बघायचा, इंजिन बघायचं, सही करायची. हा माणूस मूर्ख नाही, कामातही वाईट नाही. पण असं काम करणारे बहुसंख्य आहेत म्हणूनच ही गाडी १९८२ पासून कोणालाही न अडखळता हिंडली. १९९२ मध्ये कोणी ते मडगार्ड उचललं असतं, तर सांगाडा विकणारा आणि काम करणारा डेंटर बहुधा दोघेही हाताशी असते, आणि एका दुपारच्या चौकशीत सगळं मार्गी लागलं असतं. आज त्यांतलं कोणी नाही.

दुसऱ्या टोकाची माणसंही मला पटत नाहीत. संग्राहकांमध्ये एक पंथ आहे, जो अशा गाडीबद्दल ऐकलं की ताबडतोब बनावट म्हणून मोकळा होतो. त्यांच्या लेखी १९८२ चा तो मिशिगनकर आणि काल रात्री तळघरात के ठोकणारा ठग सारखेच. मी दोघांचं काम पत्र्यावर बघितलंय. एकाने आपली गाडी वाचवली आणि काय केलं ते लिहून ठेवलं. दुसरा लिहून ठेवत नाही. माझ्या फॉर्मवर या दोघांसाठी एकच रकाना आहे याचा मला त्रास होतो, आणि फॉर्म बदलायचा तर तिसऱ्या रकान्यात नेमकं काय लिहायचं हे अजून ठरत नाहीये. ‘दुरुस्त केलेली’ लिहिलं तर उद्या प्रत्येक ठग एक जुनी पावती घेऊन उभा राहील.

मालकाने वकील गाठलाय. हायवे पॅट्रोलकडे, म्हणजे राज्याच्या महामार्ग पोलिसांकडे, आपणहून जायचं, दोन्ही नंबर दाखवायचे आणि गाडीला राज्याकडून नवा नंबर मिळतो का बघायचं, असं त्यांचं चाललंय. तो मिळाला तर गाडी कायद्याने स्वच्छ होईल, पण बाजारात ती के-कोड राहणार नाही. मालकाला हे मी स्पष्ट सांगितलं होतं. तो म्हणाला, विकायची घाई नाही, पण आपल्या पश्चात मुलीच्या गळ्यात ही गाडी अशा अवस्थेत नको. त्याच्या वकिलाने मूळ प्रिंट मागितले, ते मी पाठवले. काकांनी कळवलंय, की कागद साफ झाले तर, योग्य किमतीला, ती गाडी त्यांना अजूनही हवी आहे. टॅपेटचा आवाज त्यांना फोनवर ऐकवायला नको होता असं त्यांची बायको म्हणते.

मला मात्र सी-गाडीच्या टायटलची काळजी लागून राहिलीय. १९८२ मध्ये ज्याने तो सांगाडा विकला, त्याच्याकडे कागद राहिला असेल. सांगाडा गेला आणि कागद उरला, तर असा कागद या बाजारात विकला जातो. तो कोणी घेऊन दुसऱ्याच एखाद्या सांगाड्यावर तो नंबर ठोकला असेल, तर आज एकाच नंबरच्या दोन फास्टबॅक आहेत, एक ओहायोत मडगार्डखाली आणि एक आणखी कुठे तरी, रस्त्यावर. तेव्हापासून सॅन होजेची ६५ ची सी-कोड फास्टबॅक तपासायला आली, की बाकी काही बघण्याआधी मी तिचे शेवटचे सहा आकडे त्या प्रिंटशी ताडून बघतो.